ठाण्याचे स्टेशन

ठाण्याच्या फलाटावर उभे राहा आणि स्टेशनच्या नावाची पाटी पाहा. पिवळ्या रंगावर काळी अक्षरे आहेत. पहिले नाव मराठीत, 'ठाणे'. दुसरे हिंदीत, तेही 'ठाणे'. तिसरे इंग्रजीत. नव्याने वाचायला शिकलेला माणूस हमखास विचारतो, "गुरुजी, एकच नाव दोनदा का हो लिहिलंय?" नाव एकच, लिपीही एकच, पण भाषा दोन, म्हणून नावे दोन. दादरलाही असेच आहे.

आता लांबच्या गाडीचे आरक्षणाचे तिकीट कुणाजवळ असेल तर ते घ्या. त्यावर ठाणे या नावाशेजारी कंसात तीन इंग्रजी अक्षरे असतात. टी, एन, ए. प्रत्येक स्टेशनला रेल्वेने असे छोटे नाव दिले आहे. आज आपण इंग्रजीत ठाणे लिहितो तेव्हा शेवटी 'ई' हे अक्षर येते. मग छोट्या नावात शेवटी 'ए' कसे आले? साहेबाच्या काळी या गावाला इंग्रजीत 'ठाणा' म्हणत आणि तसेच लिहीत. पुढे गावाचे नाव नीट लिहू लागले, पण तिकिटावरची तीन अक्षरे जुनीच राहिली. घर नवे बांधले तरी जुना उंबरठा तसाच ठेवतात ना, तसे हे आहे.

ठाणे म्हणजे चौकी, मुक्कामाची जागा. पोलीस ठाणे म्हणतो तेच ठाणे. हे गाव साष्टी बेटाच्या काठावर, खाडीला लागून आहे. रेल्वे येण्यापूर्वी देशावरचा माल बैलांच्या पाठीवर नाहीतर गाड्यांतून घाट उतरत असे. तो कल्याण, पनवेल अशा बंदरांत यायचा आणि तिथून होड्यांनी मुंबईला जायचा. पावसाळ्यात घाटातल्या वाटा चिखलाने भरल्या की बैल अडत, माल अडे. त्या मालात सगळ्यांत मोलाचा होता कापूस.

इथे थोडे थांबून सांगितले पाहिजे. पुष्कळांना वाटते की साहेबाने लोकांच्या सोयीसाठी आगगाडी आणली. तसे नव्हते. विलायतेत कापडाच्या गिरण्या होत्या. त्यांना कापूस अमेरिकेतून मिळे. १८४६ साली अमेरिकेत कापसाचे पीक बुडाले आणि गिरणीवाल्यांचे डोळे आपल्या कापसाकडे वळले. तो वऱ्हाडातून, देशावरून लवकर बंदरावर यायला हवा होता. शिवाय सरकारला फौज इकडून तिकडे हलवायची सोय हवी होती. माणसांची ने-आण हा त्यांच्या लेखी मागचा विचार होता.

मुंबईतले काही मोठे लोकही रेल्वे व्हावी म्हणून खटपट करत होते. १८४५ साली अशी जी मंडळी एकत्र आली, त्यांत जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाई ही दोन नावे ठळक आहेत. मुंबईत नाना शंकरशेट हे नाव आजही आदराने घेतात. पुढे १८४९ साली विलायतेत कायदा झाला आणि 'ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे' या कंपनीला परवाना मिळाला. लांबलचक नाव आहे. लोकांनी त्याचे 'जी. आय. पी.' केले.

या कंपनीशी सरकारने जो करार केला तो समजून घेण्यासारखा आहे. कंपनीत ज्यांनी पैसा घातला त्यांना दर वर्षी शेकडा पाच टक्के मिळतील, अशी हमी सरकारने दिली. रेल्वेला फायदा झाला तर ठीक. नाही झाला तर तूट सरकार भरून देणार. सरकार कुठून देणार? हिंदुस्थानच्या तिजोरीतून. म्हणजे इथल्या शेतकऱ्याच्या साऱ्यातून. नफा लंडनला आणि जोखीम इथल्या रयतेला, असा तो सौदा होता. आम्हाला तो काही बरा वाटत नाही. पण रूळ पडले ते याच पैशातून, हेही खरे.

३१ ऑक्टोबर १८५० रोजी शीवजवळ कामाला सुरुवात झाली. मुख्य इंजिनियर होते जेम्स बर्कले. शीव आणि कुर्ला यांच्यामध्ये तेव्हा खाजण होते. भरतीचे पाणी आत शिरायचे. त्या दलदलीत भराव घालून वाट उंच करावी लागली. आज आहेत तशी यंत्रे त्या काळी नव्हती. माती खणणारे हात, घमेली-टोपल्या वाहणारी डोकी, यांवरच काम चाले. बायकाही या कामावर असत. रूळ आणि इंजिने जहाजातून विलायतेहून आली. इंजिने लँकेशायरमधल्या व्हल्कन फाउंड्री या कारखान्यात घडवलेली होती. बर्कले साहेबांचे नाव पुस्तकांत आहे. टोपली वाहणारीचे नाव कुठेच नाही.

रुळांची रुंदीही तेव्हाच ठरली. एका रुळापासून दुसऱ्या रुळापर्यंत साडेपाच फूट. आजच्या मापात १६७६ मिलिमीटर. स्टेशनात तेव्हापासून सगळे बदलले. इंजिन बदलले, डबे बदलले, छपरे बदलली. पण हे अंतर तेवढेच आहे.

१६ एप्रिल १८५३ हा शनिवार होता. दुपारी साडेतीनच्या सुमारास मुंबईच्या बोरीबंदरावरून पहिली गाडी सुटली. २१ तोफांची सलामी झाली. गाडीला १४ डबे होते आणि आत सुमारे ४०० पाहुणे. तीन इंजिने जोडली होती. त्यांची नावे साहिब, सिंध आणि सुलतान. वाटेत रुळांच्या दोन्ही बाजूंना लोकांची झुंबड उडाली होती. बैलाशिवाय, घोड्याशिवाय गाडी चालते हे कुणी पाहिले होते? तासाभराच्या आसपास गाडी ठाण्याला पोचली. तिथे तंबू ठोकून पाहुण्यांच्या खाण्यापिण्याची व्यवस्था केली होती. हिंदुस्थानात उतारूंसाठी सुरू झालेली ही पहिली रेल्वे.

मुंबई ते ठाणे अंतर २१ मैल. आज धिमी लोकल हेच अंतर कापायला साधारण तासभरच घेते. कुणी म्हणेल, मग पावणेदोनशे वर्षांत काय सुधारणा झाली? पण हिशेब करा. आजची धिमी गाडी मधल्या १७ स्टेशनांवर थांबते. मशीद बंदर, सँडहर्स्ट रोड, भायखळा, चिंचपोकळी, करी रोड, परळ, दादर, माटुंगा, शीव, कुर्ला, विद्याविहार, घाटकोपर, विक्रोळी, कांजूरमार्ग, भांडुप, नाहूर, मुलुंड. बोटे मोडून मोजून पाहा. आणि दर ठिकाणी शेकडो माणसे चढतात-उतरतात.

आता पहिल्या भाड्याचा हिशेब करू. तिसऱ्या वर्गाचे भाडे होते मैलाला ३ पै. २१ मैलांचे किती? २१ गुणिले ३, म्हणजे ६३ पै. एका आण्याच्या पै १२. तेव्हा ६३ पै म्हणजे ५ आणे ३ पै. पहिल्या वर्गाचे भाडे मैलाला २४ पै होते, म्हणजे आठपट. त्याचे झाले २ रुपये १० आणे. त्या काळी मजुराला दिवसभर राबून काही आणेच मिळत. ५ आणे ही रक्कम त्याला लहान नव्हती.

तरीही लोक आले. साहेबलोकांतल्या पुष्कळांना शंका होती. इथले लोक गरीब, त्यातून जातिभेद मानणारे. ते एका बाकावर बसून प्रवास करतील कसे? लोकांनी ती शंका खोटी ठरवली. भट, शेटजी, कोळी, महार, मुसलमान, सगळे तिसऱ्या वर्गाच्या डब्यात दाटीने बसले. घरी जाऊन कुणी अंघोळ केली असेल, ती गोष्ट वेगळी. पण गाडी कुणी सोडली नाही. पुढे साऱ्या देशात रेल्वेच्या दर शंभर उतारूंमध्ये नव्वदांहून जास्त तिसऱ्या वर्गाचेच असत. ज्यांचा विचार शेवटी केला होता, त्यांनीच रेल्वे भरून टाकली. तिसरा वर्ग हे नाव मात्र १९७४ सालापर्यंत टिकले.

ठाणे हे रेल्वेचे शेवटचे स्टेशन फक्त एकच वर्ष होते. १ मे १८५४ रोजी गाडी खाडी ओलांडून कल्याणला गेली. त्यासाठी ठाण्याच्या खाडीवर पूल बांधले आणि पारसिकच्या डोंगराला वळसा घालताना दोन लहान बोगदे खणले. पुढे बोरघाट चढून १८६३ साली पुण्याची वाट पुरी झाली. घाटाच्या कामावर एका वेळी चाळीस हजारांवर माणसे होती. पटकीच्या साथीत त्यांतली कितीतरी मेली. आज आपण खिडकीत बसून धबधबे पाहतो, तिथली ही गोष्ट आहे.

रेल्वेने लोकांना आणखी एक गोष्ट शिकवली. घड्याळ. पूर्वी 'दिवस कासराभर वर आला', 'दिवेलागणीला' असे सांगून भागत असे. गाडी दिवेलागणीसाठी थांबत नाही. तिला मिनिटे लागतात. आणि यातली गंमत पुढेच आहे. मुंबईचे घड्याळ वेगळे आणि रेल्वेचे वेगळे! रेल्वे १८७० पासून मद्रासच्या वेळेवर चाले. ती मुंबईच्या वेळेपेक्षा ३० मिनिटे पुढे होती. म्हणजे गावातल्या घड्याळात सहा वाजले, की स्टेशनच्या घड्याळात साडेसहा झालेले असत. गावचे घड्याळ बघून निघणाऱ्याची गाडी कशी चुकत असेल, ते तुम्हीच ताडा. १९०६ पासून साऱ्या देशाला एक वेळ लावली. मुंबई शहराने मात्र आपली जुनी वेळ हट्टाने बरीच वर्षे सांभाळली. तिचा शेवट १९५५ साली झाला.

ठाण्याच्या स्टेशनात धूर कधी थांबला? ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईहून कुर्ल्यापर्यंत विजेवरची पहिली गाडी धावली. तिला चारच डबे होते. पुढे काही वर्षांतच विजेच्या तारा ठाण्यावरून कल्याणच्या पुढे गेल्या. आज बारा डब्यांच्या आणि काही पंधरा डब्यांच्या गाड्या येतात. वीज आली म्हणून गाड्या झटकन सुटू लागल्या, झटकन थांबू लागल्या. म्हणूनच एकामागून एक इतक्या गाड्या सोडता येतात. वाफेच्या इंजिनाला ते जमले नसते. त्याला पाणी पाजा, कोळसा घाला, वाफ धरू द्या.

पारसिकचा मोठा बोगदा १९१६ सालचा आहे. लांबी सुमारे १.३ किलोमीटर. ठाण्याहून दिव्याला जाताना डोंगराचा वळसा वाचावा म्हणून तो खणला. तेव्हापासून कितीतरी वर्षे धिमी गाडी कळवा, मुंब्रा घेत वळणाने जायची आणि जलद गाडी डोंगराच्या पोटातून सरळ दिव्याकडे निघायची. २०२२ साली ठाणे ते दिवा पाचवा आणि सहावा मार्ग सुरू झाला. आता बोगद्यातून मुख्यतः लांबच्या गाड्या जातात. जलद लोकल मुंब्र्याच्या बाजूने जाते, पण कळव्याला ती थांबत नाही. हे ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

बाकीच्या तारखा भराभर सांगून टाकतो. १९५१ साली जी. आय. पी. जाऊन मध्य रेल्वे झाली. २००४ साली ठाण्याहून वाशीला उतारूंची गाडी सुरू झाली. खाडीपलीकडच्या ऐरोली, घणसोलीच्या कारखान्यांत आणि कचेऱ्यांत जाणाऱ्यांना कुर्ल्याचा फेरा घालावा लागत असे, तो वाचला. पहिली गाडी जिथून सुटली त्या बोरीबंदरचे व्हिक्टोरिया टर्मिनस झाले, १९९६ साली छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले आणि २०१७ साली त्यात 'महाराज' हा शब्द आला.

आता जागेची गोष्ट. ठाण्याला गर्दी वाढली, पण दोन रुळांमधला फलाट रुंद करणार कसा? ३१ मे ते २ जून २०२४ असे ६३ तास काम धरून पाच नंबरचा फलाट दोन-तीन मीटरने वाढवला. त्यासाठी शेजारचा रूळच सरकवावा लागला. त्या तीन दिवसांत नऊशेहून जास्त लोकल रद्द झाल्या होत्या. दोन-तीन मीटर म्हणजे किती? दोन माणसे हात पसरून उभी राहतील एवढे. तेवढ्यासाठी एवढा खटाटोप. शहर भोवती वाढले, स्टेशन मात्र जुन्याच जागेत अडकले, म्हणून ही पाळी.

आमच्या रात्रीच्या वर्गात कळव्याच्या एक बाई येतात. ठाण्याला भाजी विकतात. वर्गात येण्यापूर्वी त्यांचा प्रवास खुणांवर चाले. या जिन्याने उतरायचे, त्या खांबाजवळ उभे राहायचे, चौघी ओळखीच्या चढल्या की आपणही चढायचे. एके दिवशी गाडी दुसऱ्या फलाटावर आली. गर्दीत त्या चढल्या. ती जलद गाडी निघाली. कळवा खिडकीतून दिसले आणि मागे गेले. उतरल्या त्या डोंबिवलीला. घरी लहान नातू एकटा. "गुरुजी, पाटी समोरच होती म्हणतात," त्या सांगत होत्या, "पण मला ती भिंतीसारखीच."

तेव्हा ती पाटी कशी वाचायची ते सांगतो. फलाटावर वर टांगलेल्या पाटीवर दिव्यांची अक्षरे उमटतात. तिला इंडिकेटर म्हणतात. भाषा आलटून पालटून बदलते. इंग्रजी आले तर गोंधळू नका, क्षणभर थांबा. गाडी कुठवर जाणार ते गाव त्यावर असते. गाडीची वेळ असते. गाडी जलद की धिमी ते असते. इंग्रजीत जलदला 'एफ' आणि धिमीला 'एस' ही अक्षरे येतात. एवढी दोन इंग्रजी अक्षरे पाठ करून टाका. १२ किंवा १५ हा आकडा डब्यांचा. पंधरा डब्यांची गाडी फलाटावर जास्त लांब उभी राहते, म्हणून बायकांच्या डब्याची जागा बदलते. आकडा वाचला तर ऐनवेळी धावाधाव होत नाही. त्या बाई आता आधी धिमी हा शब्द शोधतात आणि मग गावाचे नाव वाचतात. आम्ही त्यांना उलटे शिकवले होते, पण कळव्याच्या माणसाला त्यांचाच क्रम बरोबर आहे.

रूळ ओलांडण्याविषयी बोलल्यावाचून हा धडा पुरा होणार नाही. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर अलीकडच्या वर्षांत दर वर्षी दोन हजारांहून जास्त माणसे मेली आहेत. त्यांत रूळ ओलांडताना मेलेले सर्वांत जास्त. कुणी म्हणतात, "डोळे नव्हते का त्यांना?" डोळे होते. गोष्ट अशी असते की माणूस एक गाडी जाऊ देतो. तिच्या आवाजात शेजारच्या रुळावरून येणाऱ्या दुसऱ्या गाडीचा आवाज बुडतो. वाफेचे इंजिन लांबून भकभक करत येई, धूर दिसे. विजेची गाडी तशी सांगून येत नाही. आणि एवढे वजन वेगात असले की मोटरमनने ब्रेक दाबला तरी गाडी जागच्या जागी थांबत नाही. पुलावर चढायला पाच मिनिटे लागतात, डोक्यावर ओझे असले तर जास्त, हे आम्ही जाणतो. पुलाला सरकता जिना असावा, रॅम्प असावा, ही मागणी त्यासाठीच रास्त आहे. डब्यात पाय ठेवायला जागा नसते म्हणून माणसे दारात लोंबकळतात. ९ जून २०२५ रोजी दिवा आणि मुंब्रा यांच्यामध्ये वळणावर अशीच दारातली माणसे खाली पडली आणि काहींचे प्राण गेले. त्या सगळ्यांना बेफिकीर म्हणणे आम्हाला पटत नाही. कामावर वेळेत न पोचणाऱ्याची हजेरी कापतात, हे त्यांना ठाऊक होते.

कुणी पडले, कुणाला लागले, तर १३९ हा नंबर फिरवा. पलीकडचा माणूस विचारतो, "तुम्ही नेमके कुठे आहात?" दोन स्टेशनांच्या मधे असलो तर काय सांगणार? त्यासाठी रुळांशेजारचे खांब वाचायचे. विजेच्या तारा ज्यांवर टांगल्या आहेत त्या प्रत्येक खांबावर आकडे रंगवलेले असतात. एक आकडा, मग रेघ, मग दुसरा आकडा. पहिला आकडा मुंबईपासूनच्या किलोमीटरचा. दुसरा त्या किलोमीटरातल्या खांबाचा. हे दोन आकडे सांगितले की मदतीला येणारा माणूस तुमच्यापासून थोड्या पावलांवर येऊन उभा राहतो. २१ मैलांचे किलोमीटर केले तर सुमारे ३४ होतात. ठाण्याच्या स्टेशनात खांबावर ३३ किंवा ३४ पाहिलेत, तर तो पहिल्या गाडीने कापलेल्या वाटेचाच आकडा आहे.